पेट शॉपमधलं 'रेडी' ड्रिफ्टवुड, इग्वानावाल्यांनी घेण्याआधी वाचा

रेटिंग: ५ पैकी २

आमच्याकडे हिरवा इग्वाना (झाडावर राहणारा मोठा सरडा) आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला, शेपटीसकट चार फुटांचा झालाय. जुन्या फांदीवर पोट टेकवून नीट बसता येईना म्हणून पुण्यातल्या एका दुकानातून २,४०० रुपयांचं जाडजूड ड्रिफ्टवुड (पाण्यात वाहून आलेलं लाकूड) आणलं. सगळं ट्रीट केलंय, डायरेक्ट ठेवा म्हणाले. दिसायला खरंच सुंदर. पण मी आधी नुसतंच बास्किंग लॅम्पखाली (त्याला ऊब देणारा दिवा) ठेवून बघितलं तर तासाभरात पॉलिशचा वास सुटला, आणि उलटं केलं तर बारीक बारीक भोकं, खाली पिठासारखा भुगा, म्हणजे आत कीड चालूच होती. इग्वाना दिसेल त्या वस्तूला जीभ लावून बघतो हो, त्याला असलं लाकूड कसं देणार? दुकानाने वाद न घालता परत घेतलं, दोन स्टार त्याचे.

मग राहात्याला मामांकडे गेलो. तिकडे पेरूच्या बागा भरपूर पण बागेतलं लाकूड मी घेतलं नाही, फवारणी असते. घरामागच्या जुन्या झाडाची मनगटापेक्षा जाड फांदी मामांनी कापून दिली. पेरूचं लाकूड कडक, चिवट, उग्र वास नाही. कण्हेर, रुई, शेर या झाडांना हात लावू नका, विषारी आहेत, आणि निलगिरी, देवदार, चीड (पाइन) तेलामुळे आणि राळेमुळे नको. रस्त्याकडेचं पण नको.

सुटणारी साल काढली, काथ्याच्या ब्रशने नुसत्या पाण्याने घासली, साबण लाकडात मुरतो म्हणून नाही वापरला. चार फुटांची फांदी ओव्हनमध्ये कुठे मावणार, म्हणून पिंपात उभी करून उकळतं पाणी ओतलं, दोन्ही टोकांनी, तीन वेळा. मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, आणि नंतर दोन दिवस साधं पाणी बदलत भिजवली. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. छोटे तुकडे असतील तर ओटीजीत (घरगुती छोटा ओव्हन) १२० डिग्रीला तासभर, पण समोर उभं राहून, आणि आधी वाळवून, ओलं लाकूड तडकतं.

खरा वेळ वाळवण्यात जातो आणि लोक इथेच घाई करतात. इग्वानाला दमट हवा लागते, त्यात अर्धवट वाळलेली फांदी ठेवली की बुरशी आलीच. मी एप्रिलच्या उन्हात गच्चीवर विटांवर ठेवली आणि दर चार दिवसांनी बॅगा मोजायच्या काट्याला लटकवून वजन घेतलं, सलग तीन वेळा वजन तेवढंच भरलं तेव्हाच आत आणली. पाच आठवडे गेले. कुसळं पॉलिश पेपरने घासली, वरून व्हार्निश वगैरे काही नाही.

बसवताना दोन्ही टोकांना पिंजऱ्याच्या बाहेरून स्क्रू मारले आणि आधी मी स्वतः जोर देऊन लोंबकळून बघितलं. अजून एक, फांदी जाड असल्यामुळे त्याची पाठ लॅम्पच्या जवळ येत होती, थर्मामीटरवर ४१ दाखवलं, लॅम्प वर घेऊन ३५ वर आणला. आता दुपारभर चारही पाय खाली सोडून त्याच फांदीवर पसरलेला असतो.