बाराशेचं फायकस, आठ महिने आणि ते चिकटवलेले खडे

नर्सरीत बोन्साय म्हणून मिळणारं जाडजूड बुंध्याचं ते फायकस सगळ्यांनी पाहिलेलंच आहे, त्यामुळे वर्णन सोडते. डिसेंबरात एका नर्सरीतून १,२०० रुपयांना आणलं आणि नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या बाल्कनीत ठेवलं. मे महिन्यात लिहायला बसले असते तर एकच स्टार दिला असता, तोही कुंडी सुबक आहे म्हणून.

कारण खडे. मातीवर ते पांढरे खडे असतात ना, ते नुसते पसरलेले नसतात. चिकटवून त्यांची अक्षरशः फरशी केलेली असते. मी रोज कपभर पाणी घालायचे, ते फरशीवरून कडेकडेने थेट बशीत. बशी भरली की मला वाटायचं, झाडाचं पोट भरलं. एप्रिलात ऊन चाळिशीला टेकलं आणि पानं पिवळी पडून गळायला लागली. नर्सरीत फोन केला. "मॅडम, पाणी जास्त होतंय, कमी करा." केलं कमी. उरलीसुरली पानंही गेली. बदलून मागितलं तर म्हणे, जिवंत वस्तूला गॅरंटी नसते. मग निर्जीव खड्यांची तरी द्या!

दिंडोरीचे मामा द्राक्षबागेची खरड छाटणी (उन्हाळ्यातली छाटणी) आटोपून आले होते. त्यांनी नखाने साल खरवडली, आत हिरवीगार. "झाड जितं आहे गं, पण याच्या डोक्यावर स्लॅब कुणी टाकला?" स्क्रूड्रायव्हरने खडे उचकटले. खाली कोकोपीट, मधोमध ठणठणीत कोरडं. ते एकदा पुरतं वाळलं की पाणी लवकर धरत नाही. कुंडी बादलीत बुडवली, बुडबुडे थांबायला वीस मिनिटं लागली.

आता मत बदलते, पण फक्त झाडाबद्दल. तीन आठवड्यांत बुंध्यावर डोळे फुटले. वडा-पिंपळाच्याच कुळातलं, चिवट आहे. जूनमध्ये पाऊस लागल्यावर कुंडी बदलली: विटांचे चाळलेले बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं गांडूळखत. पाणी ओतलं की दोन सेकंदांत खालून बाहेर. हे बघण्यात जे सुख आहे, ते बाराशेत मिळालं नव्हतं. फांदीला सहा-सात पानं आली की दोन ठेवून शेंडा खुडते. पांढरा चीक येतो, पुसून टाकते.

काटकसर मात्र एके ठिकाणी अंगाशी आली. फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळतात; मामांकडची द्राक्षाच्या मांडवाची उरलेली तार फुकट मिळाली म्हणून तीच गुंडाळली. धड वळेना, आणि सालीत रुतली ती रुतलीच; व्रण अजून आहे. अॅल्युमिनियमची मऊ तार विकत घ्या, साधारण फांदीच्या एक तृतीयांश जाडीची, आणि पावसाळ्यात आठवड्याला बघत राहा. फांद्या भराभर फुगतात.

दुसरं झाड विकत घेतलं नाही. गच्चीच्या पाइपाशी उगवलेलं वडाचं रोप सोसायटी उपटणारच होती, ते आणलं. कुंडी चाळीस रुपयांची, तळाची भोकं दुकानातच उलटी करून मोजून घेतली. खडे पिशवीत भरून ठेवलेत. त्या बाजूला जाणं झालं की नर्सरीच्या काउंटरवर ठेवून येणार आहे.