पायलट भरतीचा क्लास: तीन स्टार, तेही सरांमुळे

बारामतीला उड्डाणाचे २०० तास पूर्ण झाले, सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स हातात आलं आणि मी पुण्यातला हा क्लास लावला. नाव लिहीत नाही. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. कुठे, म्हणून विचारलं तर काउंटरवरचा दादा म्हणाला, “मार्केट तेजीत आहे, मॅडम.” तेजी म्हणे! २०१९च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२३च्या मेमध्ये गो फर्स्ट. अनुभवी वैमानिक रांगेत आले की आम्हा कोऱ्या सीपीएलवाल्यांना कोण विचारतो?

शिकवणं मात्र चोख. टेकऑफला एटीआर ७२ या दोन पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाचं एक इंजिन गेलं तर काय होतं, ते निवृत्त कॅप्टन सर टेबलावर फूटपट्टी आणि दोन खोडरबर ठेवून दाखवतात. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती फेदर झाली नाहीत, म्हणजे वाऱ्याला कड करून वळली नाहीत, तर विमान त्या बाजूला कसं ओढलं जातं, ते मला त्या खोडरबरांनी शिकवलं. त्यांनीच बजावलं, टाइप रेटिंगला (ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या परवानगीला) पदरचे लाखो रुपये घालायची घाई करू नकोस, एटीआरचं रेटिंग एअरबसला चालत नाही. गोव्याची फ्लाय९१ ही विमान कंपनी २०२४मध्ये उडाली तीही एटीआरवरच, पण ताफा लहान, म्हणजे जागा मोजक्याच.

एसी नावापुरता. फी हप्त्यांनी घेतात. परत मागितली तर फोन उचलत नाहीत.