शोल्डर रंधा की खाचेचा रंधा?
दोन्ही रंध्यांचे पाते तळाच्या पूर्ण रुंदीचे असते, काम मात्र वेगळे आहे. खाचेच्या रंध्याला कडेची पट्टी आणि खोलीचा थांबा असल्याने फळीच्या काठावर नवी खाच सरळ पाडता येते, तर शोल्डर रंधा कुसवाचा (सांध्यात भोकात बसणाऱ्या लाकडी जिभेचा) खांदा, म्हणजे जिभेच्या मुळाशी असलेली पायरी, किंवा आधीच पाडलेली खाच केसभर तासून नेमकी बसवण्यासाठी असतो. शोल्डर रंधा घेताना त्याच्या बाजू तळाशी काटकोनात आहेत का, हे गुण्याने तपासावेच, कारण हा दोष नंतर काढणे फार जिकिरीचे असते. पाते दोन्ही बाजूंनी किंचित, कागदाच्या जाडीहूनही कमी, बाहेर ठेवावे. नाहीतर खाचेचा कोपरा प्रत्येक फेरीत आत सरकत जातो. खाचेच्या रंध्यात, आडव्या तंतूंवर काम असेल तर, पुढची रेघ कापणारी छोटी पाती धारदार हवी. मुख्यतः सांधेच करायचे असल्यास शोल्डर रंधा आधी घ्यावा. खाच करवतीनेही पाडता येते.