एकट्यानं 24 फुटी शिडी उभी करणं : दहा महिने वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीच्या जरा आधी अ‍ॅल्युमिनियमची, दोन भागांची, दोरी ओढली की वर सरकणारी शिडी घेतली, त्याला आता दहा महिने होत आले. आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, त्यामुळे पुढून बसकं आणि मागून उंच. परसातून गच्चीचा कठडा बरोबर 16 फूट भरतो. गच्चीला जिना नाही आणि टाकी, सोलर सगळं वर. मुलगा पुण्याला असतो, बायकोचा खांदा दुखतो, म्हणजे शिडी लावायची ती मी एकट्यानंच.

24 फुटी म्हणून विकतात पण 24 फूट मिळत नाहीत हे घेतानाच लक्षात ठेवा. 12-12 चे दोन भाग, आणि त्यातले निदान 3 फूट एकमेकांवर राहिलेच पाहिजेत, म्हणजे हातात उरतात 21. आणि गच्चीवर उतरायचं तर शिडी कठड्याच्या वर 3 फूट यायला हवी, नाहीतर शिडीवरून पाय काढताना धरायला काहीच नसतं. मला 16 फुटांसाठी, तिरकी लावायची असल्यामुळं, साडेएकोणीस लागते, म्हणजे जेमतेम बसली. वजन 19 किलो, गिरणीच्या काट्यावर करून बघितलं.

पहिल्या आठवड्यात मी ती अंगणाच्या मधोमध धरून उचलायला गेलो. अर्धी वर आली आणि खालचे पाय माझ्यापासून लांब सरकायला लागले, मी सोडून बाजूला झालो आणि शिडी तुळशीच्या कट्ट्यावर आपटली. आवाज ऐकून शेजारचे काका आले, आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस. म्हणाले, "अहो, तुम्ही ताकद कशाला लावताय? तिचे पाय आधी जोत्याला अडवा, मग ती कुठं जातेय?"

तेव्हापासून तसंच करतो आणि 19 किलो कधी जड वाटले नाहीत. शिडी पूर्ण मिटलेली, भिंतीशी काटकोनात जमिनीवर आडवी टाकायची, पाय जोत्याला घट्ट टेकवून. मग लांबच्या टोकाला जाऊन ते डोक्यावर घ्यायचं आणि एकेक पायरी हातानं मागं टाकत भिंतीकडं चालत यायचं. सुरुवातीला निम्मंच वजन हातात असतं, मधे साधारण निम्म्या कलावर आली की सगळ्यात जड लागते, तिथं थांबायचं नाही, एकदा ते पार झालं की हलकी होत जाते आणि शेवटी भिंतीला सपाट चिकटते. पाय भिंतीशीच असल्यामुळं उभी झाल्यावर पलीकडं जायची भीतीच नाही. मग दोन्ही दांडे धरून पाय थोडे थोडे बाहेर ओढायचे, वरचं टोक भिंतीवरून घासत खाली येतं.

यात एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. चढताना सरकणारा भाग आपल्या बाजूला हवा आणि भिंतीकडं पक्का भाग. पण जोत्यापासून उभी करायची तर जमिनीवर टाकताना सरकणारा भाग खाली, मातीकडं यावा लागतो. मी पहिल्यांदा उलटी टाकली, उभी केल्यावर बघतो तर लॉक पलीकडं, दोरी पलीकडं, परत सगळं खाली. आता खाली एक जुनं पोतं अंथरतो म्हणजे कप्पीत माती जात नाही.

वर सरकवताना पाय भिंतीपासून दोनेक फुटांवर ठेवतो, एक बूट खालच्या पायरीवर दाबून, आणि दोरी हातानं हात ओढत जातो. दोन्ही लॉक पायरीवर बसल्याचा खट्ट असा आवाज येतो, तरी डोळ्यांनी बघतोच, कारण पावसाळ्यात डावीकडचं लॉक एकदा अर्धवट बसलं होतं. खाली घेताना बोटं पायऱ्यांवर अजिबात नकोत, दांडेच धरायचे, वरचा भाग खाली येताना दोन पायऱ्यांच्या मधे बोट सापडलं तर काय होईल ते सांगायला नको. सोबत आलेली नायलॉनची दोरी बारीक होती, हाताला कापायची, हातमोजे घेतल्यावर मिटलं.

मग कल. उंचीच्या चौथाई अंतर, म्हणजे माझ्या 16 फुटांना भिंतीपासून 4 फूट. दरवेळी टेप काढत नाही, पायाचे अंगठे शिडीच्या बुडाला टेकवून सरळ उभं राहायचं आणि हात खांद्याच्या उंचीला समोर करायचे, तळवे पायरीवर आरामात टेकले की झालं. आमच्या परसात तर मी गवंड्याकडून 4 फुटांवर कोब्यात लोखंडी अँगल बसवून घेतला, शिडीचे दोन्ही पाय त्याला अडतात. जुलैमध्ये फरशीवर शेवाळ धरलं होतं आणि शिडीला रबरी बूट असूनही तिचे पाय एक वीत सरकले, मी तिसऱ्याच पायरीवर होतो म्हणून वाचलो. अँगल त्याच आठवड्यात बसला. कठड्यालाही वेल्डरकडून कडी करून घेतली, वर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे दोरीनं शिडी त्या कडीला बांधायची, मग गच्चीवर पाय.

उभी केलेली शिडी हलवायची नाही, दोनच फूट बाजूला घ्यायची असली तरी. मिटवायची, घ्यायची, परत उघडायची. उघडलेली शिडी उभी धरून चालायला लागलं की वरचा तोल आपल्या हातात राहत नाही, आणि साताऱ्यात जून-जुलैचा वारा कसा असतो ते इथल्या माणसाला माहितीये. वारा असला की मी कामच ठेवतो.

आणि अ‍ॅल्युमिनियम म्हणजे विजेला मोकळी वाट. आमची सर्व्हिस वायर घराच्या पुढून येते, त्या बाजूला ही शिडी कधीच नेत नाही. काकांनी सांगितलं, तारेपासून 10 फूट तरी लांब, आणि हे मिटलेल्या शिडीचं नाही, पूर्ण उघडल्यावर किंवा पडली तर टोक कुठं जाईल ते धरून. ज्यांच्या घराभोवती तारा आहेत त्यांनी फायबरची बघावी, जड असते पण ती विजेची वाट नाही, तरी ओली-मळकी असेल तर तिचाही भरवसा धरायचा नाही.

बाकी तक्रार म्हणाल तर कप्पी कुरकुरते, आणि डाव्या पायाचं रबर झिजून धातू दिसायला लागलाय. दुकानदाराकडं सुटे बूट मागितलेत. ते येईपर्यंत शिडी मागच्या भिंतीला आडवी टांगून ठेवली आहे, आणि टाकी धुवायची राहिली आहे.