स्किमर सर्व्हिसच्या नावाखाली २९,५५० रुपये गेले. पुण्यातल्या रीफ टँकवाल्यांनो, सावध राहा

एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचे, आगाऊ १८,०००, 'नवीन ओरिजिनल पंप' ९,५००, सर्व्हिस चार्ज १,२०० आणि 'इम्पोर्टेड क्लीनर'च्या बाटलीचे ८५०. एकूण २९,५५० रुपये. सगळे जीपेने दिले, सगळ्याचे स्क्रीनशॉट आहेत, आणि त्या माणसाचा फोन बंद आहे.

रीफ टँक म्हणजे समुद्री पाण्याचा, जिवंत कोरलचा (प्रवाळाचा) टँक, आणि स्किमर म्हणजे पंपाने बारीक बुडबुडे करून पाण्यातली घाण फेसाबरोबर वरच्या कपात काढणारं यंत्र. मी या छंदात नवखी नाही. आठवड्यातून दोनदा कप धुणं, त्याखालच्या नेकमधला चिकट थर पुसणं, एअर ट्यूबमध्ये साचलेलं मीठ कोमट आरओ पाण्याने सोडवणं, हे सगळं मीच करत आले. सासूबाईंचं ऑपरेशन झालं, घरात कुणाला सवड राहिली नाही, म्हणून माणूस लावला. तो सिंहगड रोडला आणखी काही घरी जातो असं ग्रुपवर कळलं होतं. क्षारता, अल्कलिनिटी, संपमधली (टँकखालच्या टाकीतली) पाण्याची पातळी, सगळं बोलणं नेमकं. शंका घेणार कशावरून?

स्किमरच्या पंपावर पांढरा थर चढला होता, हे खरं. समुद्री टँकमध्ये कॅल्शियम कार्बोनेट बसतंच, दर तीन-चार महिन्यांनी पंपावरचा थर काढावाच लागतो. पण हा म्हणाला, "मॅडम, शाफ्ट तुटलाय, इम्पेलर गेलाय. वर्कशॉपला न्यावा लागेल." इम्पेलर म्हणजे पंपाच्या आतलं फिरणारं चाक. आदल्या रात्रीपर्यंत पंप चालू होता. घरघर करत होता, फेस कमी येत होता, पण फिरत होता. "इथेच उघडून दाखव" एवढं म्हटलं असतं तर तिथेच उघडा पडला असता. पण हॉस्पिटलमधून फोनवर फोन येत होते, तेव्हा शाफ्ट बघत कोण बसणार?

आणि खरी गोम पुढे आहे. नवा पंप बसवल्यावर मी जुना मागितला. "कंपनीला परत द्यावा लागतो मॅडम, एक्सचेंजमध्ये आहे." मी ओळखायला हवं होतं तो हाच क्षण. अहो, स्कूटरचा मेकॅनिकसुद्धा जुना पार्ट आपल्या हातात ठेवतो! चांगला चालणारा पंप माझ्या डोळ्यांसमोरून गेला, तो याने कुठेतरी विकला असणार, आणि वर माझ्याकडूनच ९,५०० घेतले. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

त्यानंतर कपात फेस चढेचना. विचारलं तर म्हणाला, "अॅसिड वॉशनंतर ब्रेक-इन लागतो, आठवडाभर असंच चालणार." आता हे खोटं नाही. साफ केलेला स्किमर काही दिवस रुसतोच, हे मीही वाचलंय, अनुभवलंय. याने खऱ्या माहितीच्या आडून फसवलं, म्हणून मी थांबले. तोवर नायट्रेट वाढलं आणि हॅमर कोरल मिटून बसलं.

एका गुरुवारी वीज गेली, ती आल्यावर पंप सुरूच होईना. शेवटी मीच उघडला. स्किमरच्या इम्पेलरला, म्हणजे नीडल व्हीलला, बारीक खिळ्यांची दाट चकती असते, तीच हवा चिरून बारीक बुडबुडे करते. आत चार जाड पाती होती, साध्या पाण्याच्या पंपाची. वायरजवळच्या लेबलवरचा वॅटचा आकडा खरवडून काढलेला. अशाने मोठाले बुडबुडे येतात, घाण वर येतच नाही.

ती ८५० ची बाटली म्हणजे माझ्या मते सायट्रिक अॅसिडच. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून पंप त्यात बुडवा, थर सुटतो, मग साध्या पाण्यात चालवून धुवा. साबण मात्र कधीच नाही, जरासा राहिला तरी कप उतू जातो.

आता पोलिसांचं ऐका. चौकीत म्हणाले, "ताई, माशाच्या पेटीचा कसला गुन्हा? दिवाणी मॅटर आहे." बराच वेळ बाकावर बसवलं आणि साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. 'समज देऊ' म्हणाले. कुणाला देणार, फोन तर बंद! सायबरकडे गेले, तर माणूस प्रत्यक्ष घरी आला होता, म्हणजे हे ऑनलाइन नव्हे, चौकीतच जा. चौकीत परत गेले, तर पैसे जीपेने गेलेत ना, मग सायबरला जा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि मोबाइल नंबरवरून तो काढून देणं ज्यांच्या हातात आहे ते हलायला तयार नाहीत. फसवणूक करून पैसे किंवा वस्तू उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये बसतं आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. हे मी त्यांना सांगायचं? कर भरणाऱ्या बाईने कलमं पाठ करून चौकीत जायचं? एफआयआर घेत नसतील तर पोलीस उपायुक्तांना लेखी पाठवता येतं, ते मी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय. पोच आली, उत्तर नाही.

वर्षाचे पैसे एकरकमी देऊ नका, महिन्याचे द्या. पंप घराबाहेर जाऊ देऊ नका. जावाच लागला तर इम्पेलर, लेबल आणि सिरियल नंबरचा फोटो आधी काढा. पत्ता आणि ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय आगाऊ एक रुपया नको.

सिंहगड रोड, वारजे, कोथरूड भागात गेल्या वर्षभरात कुणी 'एक्सचेंज'मध्ये पंप बदलून दिला असेल, तर आजच उघडून इम्पेलर बघा. जाड पाती निघाली तर त्याला फोन करून सावध करू नका. चॅट आणि पेमेंटचे पुरावे जपा आणि मला कळवा. अर्ज एकत्र गेले तर चौकीला आम्हाला बाकावर बसवून ठेवता येणार नाही.