गर्भवाढीचे तक्ते: हाताने, संगणकावर, त्रिमितीत की एआयकडून?

गोव्यातल्या वाळपई, डिचोली किंवा पेडण्याच्या आरोग्य केंद्रात तपासणीला येणाऱ्या बायकांसाठी गर्भाच्या वाढीचे तक्ते करायचे ठरलं, की बहुतेक जण आधी साधनाचं विचारतात. कागदावर काढू, संगणकावर इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढू, त्रिमितीसाठी ब्लेंडर हा प्रोग्रॅम शिकू, की सरळ एआयला सांगू? यातलं काय घ्यावं याबद्दल माझं मत ठाम आहे. पण त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. त्या चुकल्या तर साधन कुठलंही घ्या, तक्ता चुकीचाच होतो.

पहिली गोष्ट आठवड्यांची मोजणी. डॉक्टर आणि सिस्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भविज्ञानाची पुस्तकं मात्र गर्भधारणेच्या दिवसापासून मोजतात, आणि ज्यांचा आधार आपण घेणार त्या भ्रूणाच्या वाढीच्या १ ते २३ क्रमांकांच्या टप्प्यांच्या ‘कार्नेगी अवस्था’ही तिथूनच सुरू होतात. फरक साधारण दोन आठवड्यांचा. पुस्तकातला आठवा आठवडा बाईच्या तपासणीच्या कार्डावर दहावा असतो. मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती नळी, गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मिटते, म्हणजे कार्डाप्रमाणे सहा आठवडे होतात न होतात तोच. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ही नळी नीट मिटायला मदत करणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून का घ्यायची, हे या एका चित्रातून सांगता येतं, पण वर आठवडा बरोबर लिहिला असेल तरच. केंद्रातल्या तक्त्यावर कार्डाचीच मोजणी ठेवा आणि ती कुठून धरली आहे ते प्रत्येक पानावर छापा.

दुसरी गोष्ट माप. कार्डाप्रमाणे आठव्या आठवड्यातला भ्रूण सुमारे १६ मिलिमीटरचा असतो, रुपयाच्या नाण्यावर सहज मावेल एवढा. दहाव्या आठवड्यात ३१ आणि बाराव्यात सुमारे ५४ मिलिमीटर. ही मापं डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची. विसाव्या आठवड्यापासून बरेच तक्ते गुपचूप डोक्यापासून टाचेपर्यंत मोजू लागतात. मग एकोणिसाव्यात १५ सेंटिमीटर असलेलं बाळ विसाव्यात एकदम २५ चं दिसतं. वाचणारी बाई घाबरते किंवा तिचा तक्त्यावरचा विश्वास उडतो, आणि दोन्हीत तिची काही चूक नसते. पहिल्या तीन महिन्यांची चित्रं शक्यतो खऱ्या आकारात काढा आणि शेजारी मोठी केलेली आकृती द्या.

आता साधनं.

हाताने काढलेल्या चित्राचा मोठा गुण असा, की काढताना प्रत्येक रेषेचा निर्णय आपल्याला घ्यावा लागतो. दहाव्या आठवड्याची आकृती घ्या. डोकं डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीच्या जवळजवळ निम्मं. बोटं सुटी झालेली, शेपटीसारखा भाग गेलेला. नाळेच्या मुळाशी थोडा फुगवटा, कारण साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात आतड्याचा काही भाग नाळेत असतो. हे निसर्गक्रमानेच होतं, पण सुबक चित्र काढण्याच्या नादात जवळजवळ सगळेच तो फुगवटा गाळतात. पुढची पानं काढताना डोक्याचं प्रमाण बदलत न्यावं लागतं: पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला डोक्यापासून टाचेपर्यंतच्या लांबीच्या एक तृतीयांश, जन्माच्या वेळी एक चतुर्थांश. बाराव्यापासून साधारण सव्विसाव्या आठवड्यापर्यंत पापण्या मिटलेल्या असतात. सोळाव्या आठवड्यात टक्क डोळ्यांनी बघणारं बाळ चित्रात दिसलं, तर ते काढणाऱ्याने संदर्भ पाहिलेला नाही असं खुशाल समजा. नाळेत दोन रोहिणी आणि एक नीला. इथे नीलाच वारेकडून (प्लासेंटाकडून) प्राणवायूचं रक्त बाळाकडे आणते, म्हणून लाल रंग नीलेला आणि निळा रोहिणींना. सवयीने हात उलटे रंग भरतो आणि छापून आलेल्या तक्त्यांतही ही चूक सापडते.

पेन्सिल आणि शाईचा तोटा पुढे जाणवतो. मूळ एकच असतं, दुरुस्ती म्हणजे पुन्हा काढणं, आणि वर लिहिलेली मराठी नावं खोडून कानडी घालता येत नाहीत. आपल्या केंद्रांत कोकणी-मराठी बोलणाऱ्यांच्या जोडीला कर्नाटकातून आलेल्या, फक्त कानडी किंवा हिंदी कळणाऱ्या बायकाही रांगेत असतात. त्यांना वगळून तक्ता करण्यात अर्थ नाही.

म्हणून मी व्हेक्टरच्या, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेल्या संगणकावरच्या चित्राच्या, बाजूने आहे. पेन्सिलीने काढायचं, तपासून घ्यायचं, मग स्कॅन करून इंकस्केपमध्ये रेषा ओढायच्या. इंकस्केप फुकट आहे. तीच आकृती मोबाइलवरही चालते आणि सनबोर्डवर (जाड फोमच्या फळीवर) मोठी छापली तरी तिच्या कडा फुटत नाहीत. प्रत्येक भाषेचा वेगळा थर ठेवला की मराठी बंद करून कानडी सुरू करायला क्षण पुरतो. काळजी एकच, देवनागरी फॉन्टची. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, तर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. छपाईच्या प्रतीत अक्षरांच्या आकृती करून टाकाव्या, बदलासाठी ठेवलेल्या प्रतीत अक्षरं अक्षरंच राहू द्यावीत.

त्रिमितीचा मोह मला समजतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१६ मध्ये खऱ्या भ्रूणांच्या सूक्ष्म छेदांवरून पंधरा ते साठ दिवसांच्या मानवी भ्रूणांच्या त्रिमितीय आकृत्या तयार केल्या, आणि हृदयाची नळी कशी वळते हे समजून घ्यायला त्या अप्रतिम आहेत. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी काही करत असाल तर ब्लेंडर जरूर शिका. केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्याला मात्र तेवढी मेहनत लागत नाही. शिवाय चकचकीत त्रिमितीत चूकही खरी वाटते, याचं मला भय वाटतं.

तयार जुनी चित्रं घेणं हा चौथा मार्ग. ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथाची १९१८ ची अमेरिकन आवृत्ती स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि तिच्यातली गर्भविज्ञानाची चित्रं कुणीही वापरू शकतो. (या ग्रंथाच्या पहिल्या, १८५८ च्या आवृत्तीची चित्रं काढणारे हेन्री वँडाइक कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत आणि साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. आपल्या मातीशी त्यांचं एवढं नातं आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.) पण जुनं म्हणजे बिनचूक असं धरू नका. चित्रकार लिओनार्दो दा विंचीने १५११ च्या सुमारास काढलेलं गर्भाशयातलं बाळ आजही थक्क करतं, पण त्यातली वार गाईच्या वारेसारखी आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८७४ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांचे भ्रूण वाजवीपेक्षा सारखे दाखवले, आणि ती चित्रं शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत फिरत राहिली. छायाचित्रांचीही गोष्ट अशीच. १९६५ मध्ये ‘लाइफ’ मासिकात आलेली लेनार्ट निल्सन यांची जगप्रसिद्ध छायाचित्रं बहुतांशी गर्भाशयाबाहेर आलेल्या गर्भांची होती. जिचा गर्भ नुकताच पडला आहे अशी बाईही त्याच बाकावर बसलेली असते. भिंतीवर छायाचित्र लावू नये असं मला मनापासून वाटतं.

एआयबद्दल थोडक्यात सांगतो: या कामाला नको. चित्र क्षणात येतं, पण काचेच्या गोळ्यात तरंगणारं, बारा आठवड्यांतच गुटगुटीत झालेलं बाळ येतं. नाळ कुठूनही निघून कुठेही जाते, वार बहुधा नसतेच, आणि देवनागरी नावंही चुकलेली असू शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका विज्ञान नियतकालिकाला, एआयने काढलेली उंदराची अशक्य शरीररचना छापून आल्यावर, तो लेख मागे घ्यावा लागला. तिथे हे तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलं. रांगेतल्या बाईकडे तर पडताळून पाहायचं काहीच साधन नसतं.

साधन कुठलंही असो, गर्भाशयाची भिंत, वार आणि गर्भजल चित्रात असायलाच हवेत. आई पुसून टाकलेलं चित्र शास्त्रीयदृष्ट्या अर्धवट असतं. जननेंद्रियं दिसणार नाहीत अशी पायांची ठेवण निवडा. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची पाटी ज्या भिंतीवर आहे, तिथे मुलगा-मुलगी दाखवणारं चित्र शोभत नाही, आणि वाढ समजायला त्याची गरजही नसते.

तपासणी पेन्सिलीच्या टप्प्यावरच करून घ्या, तीही दोघांकडून. शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांना आकारातल्या चुका दिसतात, तर प्रसूतितज्ज्ञांना हे पाहून पेशंट काय विचारेल ते कळतं. रंग भरून झाल्यावर दाखवलं की माणसं भिडेपोटी ‘छान आहे’ म्हणून मोकळी होतात.

वाटण्यासाठी परवाना निवडताना ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट आधी सुचते. ती घातली की खासगी दवाखाने बिचकतात आणि विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मोफत चित्रसंग्रहावर) चित्र घेतलं जात नाही. ‘बदल नको’ ही अट तर त्याहून वाईट, कारण मग कानडी नावं घालून कुणी ते पुढे वाटू शकत नाही. मी क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्यांपैकी सीसी बाय-एसए निवडेन. नाव द्यावं लागतं, बदल केला तर तसं सांगावं लागतं, आणि बदललेली प्रतही त्याच अटींवर मोकळी राहते. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून तपासणी संपेपर्यंत काही टाकू नका. चौकटीच्या आतच आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख लिहा.

छपाईत दोन गोष्टी सांभाळा. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवरच्या कागदाला बुरशी धरते, तेव्हा मॅट लॅमिनेशन करा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि बाकावरून काही दिसत नाही. आणि प्रिंटरवाल्याने ‘फिट टू पेज’ केलं की खऱ्या आकाराची आकृती खोटी ठरते, म्हणून प्रत्येक पानावर पाच सेंटिमीटरची पट्टी काढा आणि प्रत हातात घेण्यापूर्वी फूटपट्टी लावून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, बारीक नावं पुसट होतात. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि फाइलच्या नावातच आठवडा, भाषा आणि आवृत्ती लिहा.