मुरुमांसाठी टी ट्री, दालचिनी की बेंझॉइल पेरॉक्साइड?

मुरुमांच्या दाहात मोठा वाटा असलेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू तेलग्रंथींच्या नळ्यांमध्ये खोलवर राहतो, त्यामुळे प्रयोगशाळेतील बशीत जे तेल त्याला मारते ते चेहऱ्यावरही तसेच काम करील, असे गृहीत धरता येत नाही. बशीतल्या चाचणीत दालचिनीचे तेल अत्यल्प प्रमाणातही या जिवाणूची वाढ रोखते. मात्र त्यातील ज्या सिनॅमाल्डिहाइडमुळे हे घडते, तेच त्वचेवर ॲलर्जी उठवणारे द्रव्य म्हणून ओळखले जाते. लवंगेतील युजेनॉल आणि गवती चहातील सिट्रल यांचीही कथा थोडीफार तीच आहे. म्हणून चेहऱ्यासाठी ही तिन्ही तेले मी बाजूलाच ठेवीन.

ऑस्ट्रेलियातील मेलाल्यूका झाडाच्या पानांपासून मिळणाऱ्या टी ट्री तेलाची बाजू अधिक भक्कम आहे, कारण त्याची पारख प्रत्यक्ष रुग्णांवर झाली आहे. 1990 साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री जेल आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवर लावायचे नेहमीचे औषध) यांची तुलना झाली. मुरूम दोन्हींनी कमी झाले. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण कोरडेपणा आणि आग यांचा त्रास कमी झाला. टी ट्री तेलातील टर्पिनेन-4-ऑल हे द्रव्य जिवाणूचे पेशीपटल खिळखिळे करते.

घरी मिश्रण करण्यापेक्षा तयार 5 टक्के जेल घेणे बरे, कारण कोरफडीच्या पाणीदार गरात तेल नीट मिसळत नाही आणि एखाद्याच जागी त्याचा तीव्र थेंब लागतो. खोबरेल तेलात मिसळण्याची आपल्याकडची सवय तर मुरुमांच्या त्वचेवर टाळावीच, कारण त्याने छिद्रे बुजण्याची शक्यता असते. हवा आणि उजेड लागून जुने झालेले टी ट्री तेल ऑक्सिडीकरणामुळे अधिक ॲलर्जी आणते, म्हणून गडद काचेची छोटी बाटली घ्यावी आणि आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. हे तेल पोटात जाणे विषारी ठरते, तेव्हा ते मुलांपासून दूर ठेवावे.

लवकर गुण हवा असेल आणि टॉवेल, उशीचे अभ्रे यांचा रंग उडाल्याचे वाईट वाटणार नसेल, तर बेंझॉइल पेरॉक्साइड निवडावे. मुरूम सौम्य असून बेंझॉइल पेरॉक्साइडने त्वचा सोलवटत असेल, तर टी ट्री जेल काही आठवडे नेमाने लावून पाहावे. खोल गाठी किंवा व्रण दिसू लागले असतील, तर मात्र या दोहोंत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.